गॅलरीतील हिवाळी बाग

इ. स. १०६० मधील शिवमंदिर हे अंबरनाथ पूर्वेचे भूषण होय. या परिसरात आता इमारती दाटल्या असून अनेक घरांत परसाची जागा गॅलरीने घेतली आहे. तेथेही हिवाळी भाजी पिकते. मात्र येथील थंडी पाहुण्यासारखी उशिरा येते व लवकर निघते. म्हणून पेरणीची वेळ साधणे अगत्याचे आहे.

मेथी व कोथिंबीर नोव्हेंबरमध्ये पेरावी. धने हलके रगडून दुभंगावेत व रात्रभर भिजवावेत. मेथी सुमारे महिन्यात, तर कोथिंबीर ४० ते ४५ दिवसांत काढणीस येते. उशीर झाल्यास वाढत्या उन्हात कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिणेकडील गॅलरी उत्तम.

कुंड्या विकत घेण्याचे कारण नाही. जुनी बादली किंवा तेलाचा डबा यांच्या तळाला छिद्रे पाडून त्यात नारळाच्या शेंड्यांचा थर द्यावा. करवंट्यांत रोपे तयार करावीत. भाज्यांची देठे, पालापाचोळा व माती यांपासून खत होते. ओला कचराही घरातच जिरतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’द्वारे हाच विचार महाराष्ट्रात रुजविला.

जुन्या सदऱ्याचे बुजगावणे करण्यात मुलांना विशेष उत्साह असतो. त्याला पाहून पाहुणे दचकतात. चिमण्या मात्र त्याच्याच खांद्यावर बसून मेथी न्याहाळतात! तेव्हा जुन्या मच्छरदाणीचे आच्छादन अधिक भरवशाचे. पहिल्या जुडीची भाजी प्रत्येकाच्या वाट्याला घासभरच येते. तिचे कौतुक मात्र आठवडाभर पुरते.