गाडीतलं ऊन पाणी

॥ श्री ॥

खारेपाटण,
१० डिसेंबर

चि. बाबू,

ताईनं तुझं गाऱ्हाणं कानावर घातलं, तू पाठवलेले फोटोही पाहिले. भाड्यानं द्यायची कॅरव्हॅन गाडी छान केली आहेस. पलंग, ओटा, कपाटं, सगळं नेटकं. पण भाड्यानं राहिलेलं बोरिवलीचं कुटुंब जाताना जे बोललं, ते बरोबरच बोललं. पाणी आत्ता चटका देतंय आणि आत्ता गार पडतंय, अशा न्हाणीचे पैसे कुणी का द्यावेत? तू मला एवढंच विचारलंस की गिझरचा खटका कितीवर ठेवू. फोनवर दोन शब्दांत सांगून होईना, म्हणून हे लांबण लावतोय. गिझर आणि पंप उघडण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा कंटाळा न करता वाच.

तुझ्या गाडीत बसवलाय तो गॅसचा इन्स्टंट गिझर. त्याला साठवणीची टाकी नाही आणि पाणी किती तापलं हे मोजून ज्योत कमी-जास्त करणारंही त्यात काही नाही. ज्योत जेवढी, तेवढी उष्णता तो देत राहणार. तुझ्याकडे आहे तशा ६ लिटरच्या गिझरचा अर्थ साधारण असा, की मिनिटाला ६ लिटर पाणी आतून गेलं तर ते २५ अंशांनी चढतं. आपल्याकडे डिसेंबरातही गाडीच्या टाकीतलं पाणी दिवसाचं २५ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे पुऱ्या धारेला ५० अंशांचं पाणी बाहेर येणार, आणि आंघोळीला तर ४० पुरे. हे झालं पुऱ्या धारेचं. तुझा पंप १२ व्होल्टचा, नळी बारीक, शॉवरची भोकं त्याहून बारीक. धार मिनिटाला ३ लिटरवर आली की तीच ज्योत तेवढ्याच वेळात निम्म्या पाण्याला तापवते, म्हणजे ५० अंशांनी चढवते. २५ आणि ५० किती झाले?

पुढे गंमत अशी होते. भाजलं म्हणून पाहुणा गरम नळ थोडा आवळतो. धार अजून बारीक होते, पाणी अजून कढत. आणखी आवळला की आतल्या डायफ्रॅमला पाण्याचा दाब पुरत नाही आणि ज्योतच विझते. मग गार पाणी. तो वैतागून नळ मोकळा सोडतो, ज्योत भडकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू. तू गिझर खराब म्हणतोस, पण तो सांगितलेलं काम इमानानं करतोय.

तेव्हा या जातीच्या गिझरला नियम उलटा लावायचा. गरम नळ पूर्ण उघडा ठेवायचा आणि कमी करायचं ते गॅसच्या खटक्यावर. समोर उन्हाळा-हिवाळा असा जो खटका असतो तो आपल्याकडे बारा महिने उन्हाळ्यावरच असू दे. त्यानं काही बर्नर बंद राहतात. एवढं करूनही पाणी जास्त तापलं तर शॉवरचं तोंड बदल, मोठ्या भोकांचं लाव. धार वाढली की पाणी आपोआप निवतं.

दुसरा दोष पंपाचा. तो दाब पडला की चालू होतो, दाब भरला की थांबतो. बारीक धारेला हे चालू-बंद इतकं भरभर होतं की पाणी धक्क्याधक्क्यानं येतं, आणि प्रत्येक धक्क्याला तापमान हलतं. पंप आणि गिझर यांच्यामध्ये एक लहानशी प्रेशर टाकी बसव. आत रबरी फुगा असतो, एका बाजूला हवा नि दुसऱ्या बाजूला पाणी. तिच्यातली हवा पंप ज्या दाबाला चालू होतो त्याहून किंचित कमी ठेवायची. टायरची हवा बघायचं मीटर त्याला चालतं. हवा बघताना पंप बंद आणि नळ उघडा हवा, नाहीतर आकडा खोटा येईल. वस्तू मुठीएवढी, पण तुझी अर्धी तक्रार तिनंच मिटेल.

पण बाबू, हे सगळं सांगून झाल्यावर खरं सांगायचं ते पुढे आहे. तुझा गिझर फोटोत जिथं दिसतो तिथं, न्हाणीच्या आत, तो राहता कामा नये. ज्या कारागिरानं तो तिथं ठोकला त्याला मी काही बोलत नाही, शहरातल्या बाथरूममध्येही लोक तसाच ठोकतात. तू मात्र हिशेब कर. तुझी न्हाणी एक मीटर बाय ऐंशी सेंटीमीटर, उंची दोन मीटर. आत हवा दीड घनमीटरच्या थोडी वर. एवढा गिझर पूर्ण ज्योतीवर चालला तर सात-आठ मिनिटांत जाळायला तेवढी सगळी हवा लागते. त्याच्या कितीतरी आधी प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट धरतो. माणसाला वाटतं वाफेनं जरा गरगरलं, आणि कडी काढायचंही त्राण उरत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी येते, नवराबायको नाहीतर कॉलेजातली पोर, दार आतून बंद. ती घरं होती, निदान खिडकीची फट तरी होती. तुझ्या गाडीच्या दाराला तू थंडी येऊ नये म्हणून रबर लावलंयस.

खिडकी उघडी ठेवा अशी पाटी लावून हे भागत नाही. मुंबईहून आलेला माणूस डासांच्या भीतीनं ती पहिल्यांदा लावून घेणार. गॅसच हवा असेल तर कॅरव्हॅनसाठी बनवलेला बंद पेटीचा हीटर घे, जो जळायची हवा गाडीच्या बाहेरून घेतो आणि धूरही बाहेरच सोडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही लाव. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं हवीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. घरचा लाल सिलिंडर भाड्याच्या गाडीत चालत नाही, हे तुला माहीत असेलच. शिवाय मोटार कॅरव्हॅनला एआयएस-१२४ म्हणून वेगळं मानक आहे. त्यात काय बसतं ते बदल करण्याआधी वाचून घे, नंतर आरटीओत जाऊन वाद घालू नकोस.

माझं मत विचारशील तर गॅसचं लफडंच सोड. १० लिटरचा विजेवरचा साठवणीचा गिझर घे, त्याला थर्मोस्टॅट असतो. आणि तुझा मूळ प्रश्न, कितीवर ठेवू, त्याचं उत्तर इथं देता येतं: ६० वर. दचकू नकोस. टाकीतलं तापमान वेगळं आणि नळातलं वेगळं. टाकीत ६०, अंगावर ४०, आणि या दोहोंच्या मध्ये मिसळायची सोय, हे जमलं की सगळं जमलं.

टाकीतच ४० का ठेवू नये, असं तू विचारशील. एक तर पाणी पुरणार नाही. गार पाणी २५ अंशांचं धरलं, तर ५० अंशांच्या १० लिटरांतून आंघोळीजोगं ४० अंशांचं पाणी साडेसोळा लिटर होतं. ६० अंशांच्या १० लिटरांतून तेवीस. ७० ठेवलंस तर तीस. प्रत्यक्षात थोडं कमीच मिळतं, कारण गरम पाणी काढतो तसं गार आत शिरतं. दुसरं कारण आरोग्याचं. लेजिओनेला नावाचे जंतू २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. ६० अंशांना ते टिकत नाहीत. गाडी आठवडाभर उभी राहिली तर टाकी रिकामी करून ठेव, आणि नवीन भाडं चढण्याआधी एकदा पूर्ण तापवून नळ वाहू दे.

आणि ६० अंशांचं पाणी थेट नळाला का येऊ द्यायचं नाही, तर त्यानं मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत खोल भाजते. ५५ ला अर्धं मिनिट लागतं, ५० ला काही मिनिटं. पोरांची कातडी पातळ, त्यांना याहून कमी वेळ पुरतो. म्हणून गिझरच्या तोंडाशी थर्मोस्टॅटिक मिक्सर व्हॉल्व्ह बसव. तो आपसूक गार पाणी मिसळून ठरलेल्या तापमानाला पाणी सोडतो आणि गार पाणी अचानक बंद पडलं तर गरमही अडवतो. तो ४१ वर लाव आणि त्याची चावी काढून तुझ्याकडे ठेव. स्वयंपाकघरात वापरतात तसला डिजिटल थर्मामीटर घेऊन, पाणी मिनिटभर वाहू दिल्यावर मोज. गिझरवरच्या ठिपक्यांवर विसंबू नकोस, दोन गिझरांचे ठिपके कधी जुळत नाहीत.

जुन्या घरच्या तांब्याच्या बंबाचं हेच होतं. नारळाची सोडणं आणि करवंट्या घालून पाणी कढत करायचं, पण घंगाळात विसण पडल्याशिवाय कुणी अंगावर घेत नसे. तुझी आजी न्हाणीच्या दारातून ओरडायची, "आदी हात घाल, मगे आंगार घे." तुझ्या गाडीत आजी नाही, म्हणून व्हॉल्व्ह.

विजेचं एक ध्यानात ठेव. बॅटरी-इन्व्हर्टरवर गिझर लावायचा मोह धरू नकोस. २ किलोवॉटचा गिझर १२ व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअर ओढेल, तारा आधी तापतील आणि पाणी नंतर. मुक्कामी जिथं १६ अँपिअरचा पॉवर प्लग मिळेल तिथंच लाव. साध्या ६ अँपिअरच्या पिनेवर नको. १० लिटर पाणी २५ वरून ६० ला न्यायला युनिटाचा दोनपंचमांश भाग लागतो, म्हणजे पूर्ण व्होल्टेजला बारा-तेरा मिनिटं. पण आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की गिझर साठ टक्केच ताकदीनं चालतो, तेवढ्याच पाण्याला वीस मिनिटं. पाहुण्यांना तसं आधी सांग, म्हणजे ते खटके फिरवत बसणार नाहीत. पत्र्याची गाडी, ओलं अंग आणि अनोळखी घराचं अर्थिंग, तेव्हा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी गाडीतच असला पाहिजे. पहिल्यांदा पाणी भरताना गरम नळ उघडून हवा पूर्ण जाऊ दे, अखंड धार आली की मगच बटण दाब. कोरडा हीटर मिनिटांत जळतो. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले तर घाबरू नकोस. पाणी तापलं की फुगतं, १० लिटरांत दोनशे मिलिलिटरपर्यंत. ते कुठून तरी बाहेर पडणारच. ती वाट मात्र कधी बुजवू नकोस.

आता माझं एक म्हणणं तुला गावंढळ वाटेल. न्हाणीत शॉवरबरोबर एक बादली आणि तांब्या ठेव. शॉवरखाली माणूस पाच मिनिटं उभा राहिला तर पंचवीस-तीस लिटर जातात, बादलीत पंधरात काम होतं. तुझी टाकी शंभर लिटरची, माणसं चार. बादलीत आधी गार, मग गरम, हा क्रम पोरं असलेल्या घरांना सांग. मुंबईची माणसं नाकं मुरडतील असं तुला वाटतं, पण त्यांतली निम्मी घरी बादलीच वापरतात.

गिझर लावायचा वेळ ऋतूप्रमाणे बदलतो, हे विसरू नकोस. आंबोलीला डिसेंबरच्या पहाटे टाकीतलं पाणी इथल्यापेक्षा बरंच गार असतं, तिथं तेवढ्याच पाण्यासाठी जास्त वेळ धर. उलट चैत्र-वैशाखात गाडी उन्हात उभी राहिली की टाकीच तापते, तेव्हा दुपारनंतर गिझर लावायची गरजच नाही. गार पाणी कुठून आणायचं हाच प्रश्न. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, ते गिझरात भरू नकोस, आतला मॅग्नेशियमचा दांडा झपाट्यानं खाल्ला जातो. पाहुण्यांना पाणी किती गरम असावं हे कळत नसेल तर जाता जाता राजापूरला उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर ने. ते पाणी बेचाळीसच्या आसपास असतं, सहन होतं तेवढंच. त्याच्यापुढे तुरळ-राजवाडी, दापोलीकडचं उन्हवरे, ती कुंडं फार कढत, उन्हवरे तर सत्तरच्या घरात. तिथं पोरांना हात धरून ने.

आपला जिल्हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, राज्याचं कॅरव्हॅन धोरणही २०२१ ला आलं. कागदावर तुझ्या धंद्याला वारा चांगला आहे. पण पाहुणा गावी जाऊन सांगतो ते न्हाणीतल्या पाण्याचं आणि जेवणाचं. जेवण मामी बघेल.

नाताळच्या गर्दीआधी गाडी इकडे घेऊन ये, दोन दिवस हाताशी ठेव. व्हॉल्व्ह आणि प्रेशर टाकी मी कणकवलीत बघून ठेवतो, तू फक्त नळीचा आतला व्यास मोजून कळव. तोवर न्हाणीतला गिझर बंद, आणि पाहुण्यांना पाणी शेगडीवर तापवून, गाडीचं दार उघडं ठेवून दे. आलास की गाडी वर हायवेच्या बाजूलाच लाव. पावसाळ्यात आलास तर हे नक्कीच. शुक नदीचं पाणी बाजारपेठेत केव्हा शिरेल याचा नेम नसतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा