मोठे झालेले हृदय

मुलांनो, 'त्यांचे मन फार मोठे आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा ती स्तुती असते. पण 'यांचे हृदय मोठे झाले आहे' असे डॉक्टर म्हणाले, तर घरची माणसे काळजीत पडतात. असे का बरे?

आपली मूठ मिटून पाहा. तुमचे हृदय साधारण तेवढेच आहे. मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ७२ वेळा, म्हणजे दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा धडधडते. आपण झोपलो तरी त्याला सुट्टी नाही. एवढ्या कामाला इंधन हवेच.

तुम्हांला वाटेल, हे इंधन म्हणजे साखर. पण तसे नाही. निरोगी हृदय आपली निम्म्याहून अधिक ऊर्जा स्निग्ध पदार्थांपासून मिळवते. उरलेली ग्लुकोज म्हणजे रक्तातील साखर आणि इतर पदार्थ यांपासून मिळते. हृदय खाण्याच्या बाबतीत हट्टी नाही. रोजा असताना दुपारनंतर ते स्निग्ध पदार्थ अधिक वापरते. इफ्तारला खजूर आणि सरबत पोटात गेले, की साखरेचा वापर वाढवते. इंधन असे बदलता येणे हीच त्याची खरी ताकद आहे.

आता रक्तदाब वाढला आहे असे समजा. प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. वजने उचलणाऱ्या पहिलवानाचे दंड जसे भरतात, तशी हृदयाची भिंत जाड होत जाते. त्यात नवे स्नायू फारसे तयार होत नाहीत; असलेल्याच पेशी जाड होतात. याबरोबर इंधनही बदलते. स्निग्ध पदार्थांचा वापर कमी होऊन साखरेचा वाढतो. गंमत अशी, की आईच्या पोटातील बाळाचे हृदयही मुख्यतः साखरेसारख्या इंधनावरच चालते. जणू थकलेले हृदय आपली जुनी सवय पुन्हा धरते.

यात थोडा फायदा आहे. तेवढ्याच प्राणवायूत साखरेपासून थोडी अधिक ऊर्जा मिळते. मग बिघडते कोठे? साखरेचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात ग्लुकोजचा एक रेणू फुटतो आणि एटीपी या ऊर्जा देणाऱ्या पदार्थाचे फक्त २ रेणू हाती लागतात. दुसरा टप्पा पेशीतील तंतुकणिकांमध्ये होतो. तो पुरा झाला, तर एकूण सुमारे ३० रेणू मिळतात. जाड झालेल्या हृदयात पहिला टप्पा वेगाने चालतो, पण दुसरा त्याच्या बरोबरीने वाढत नाही. साखर पुष्कळ येते, तरी पदरात थोडेच पडते. अशा माणसाने जास्त मिठाई खाल्ली, तर उपयोग होईल का? मुळीच नाही. अडचण साखरेच्या तुटवड्याची नाही, ती पुरी जाळण्याची आहे.

नियमित धावणाऱ्या खेळाडूचे हृदयही थोडे मोठे होते. मात्र ते स्निग्ध पदार्थ उत्तम वापरते. त्याला कामानंतर विश्रांती मिळते; वाढलेला रक्तदाब रात्रंदिवस छळत राहतो आणि बहुधा दुखतही नाही. म्हणून 'मला काही होत नाही' असे म्हणून आजोबा गोळी टाळू लागले, तर त्यांना ही गोष्ट सांगा. औषधाने दाब ताब्यात आला, की काही महिन्यांत हृदयाची जाड झालेली भिंत पुष्कळदा पुन्हा पातळ होऊ लागते.