पाठमोरी उडी : तिचा अभ्यास व तिचें मर्म

उन्हाळ्याच्या सुटींत पारोळ्याच्या आसपास कोणत्याही खेड्यांत सायंकाळीं फेरफटका मारावा. नदीच्या कोरड्या पात्रांत वाळूच्या ढिगावरून उलट्या उड्या घेणारीं मुलें दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत. ज्यांच्या मळ्यांत भरलेली विहीर आहे, तीं मुलें काठावर पाठमोरीं उभीं राहतात आणि मागच्या मागें स्वतःस पाण्यांत झोकून देतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर देशोदेशींच्या खेळाडूंच्या उड्या दिसूं लागल्यापासून तर ह्या हौसेस भरतेंच आलें आहे. हौस वाईट नाहीं. परंतु तिला अभ्यासाची जोड नसेल, तर तिची किंमत मानेच्या मणक्यास द्यावी लागते.

प्रस्तुत लेखक हें केवळ पुस्तकी ज्ञानावरून सांगत नाहीं. तेराव्या वर्षीं, कोणासही न विचारतां, त्यानें वाळूवर उलटी उडी घेण्याचें धाडस केलें. पाय सुटले, त्याच क्षणीं भीतीनें डोकें मागें फेकलें गेलें, अंग अर्ध्या वाटेवरच उलगडलें आणि तो मानेवर आपटला. आठ दिवस मान वळत नव्हती. घरीं कळूं नये म्हणून 'उशी उंच झाली' अशी थाप मारून वेळ निभावून नेली. पुढें आखाड्यांत मल्लखांब शिकविणाऱ्या एका वृद्ध वस्तादांच्या कानीं ही हकीगत गेली. ते रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "बाळ, उडायची घाई केलीस खरी, पण उतरायचें कोणापाशीं शिकलास?" पाठमोऱ्या उडीचें सारें मर्म ह्या एका प्रश्नांत आहे. आधीं उतरणें शिकावें, मग उडणें. तें कसें, हें ह्या लेखांत पाहूं.

आपली परंपरा

पाठमोरें सुटून पायांवर उतरण्याची विद्या आपणांस परकी नाहीं. मल्लखांब ही तिची जुनी शाळा होय. बाराव्या शतकांत चालुक्य राजा सोमेश्वर ह्यानें रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लांच्या स्तंभश्रमाचा उल्लेख आढळतो. पुढें मागें पडलेल्या ह्या विद्येस नवें जीवन दिलें तें बाळंभटदादा देवधर ह्यांनीं. ते दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरीं होते. परंपरा असें सांगते कीं, निजामाच्या मुलखांतून आलेल्या अली व गुलाब ह्या मल्लांचें आव्हान स्वीकारून बाळंभटदादा वणीच्या सप्तशृंगी गडावर तपश्चर्येस गेले, आणि तेथें झाडांवरून उड्या घेणाऱ्या वानरांचें निरीक्षण करतां करतां त्यांस ही युक्ति सुचली. चैत्रांत खानदेशांतून ज्या गडाकडे यात्रेकरूंच्या पायीं रांगा लागतात, तोच हा गड. कथेंतील दैवी अंश बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे : बाळंभटदादांनीं उडी मारण्यापूर्वीं पाहिलें, आणि पुष्कळ दिवस पाहिलें.

१८१८ नंतर पेशवे ब्रह्मावर्तास गेले, त्यांबरोबर ही विद्याही तिकडे गेली. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंनीं बालपणीं तेथेंच मल्लखांबाचे धडे घेतल्याचें सांगतात. त्यांच्या सासरच्या नेवाळकर घराण्याचा पारोळ्याशीं असलेला संबंध आपल्या गांवच्या मुलांस सांगावयास नकोच.

१९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईस शिवाजी पार्कवर भरली. आणि २०२४ सालीं दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे ह्यांस ह्याच विद्येच्या प्रसाराबद्दल पद्मश्री मिळाली.

पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लांकडाचा असतो. बोंड, मान आणि अंग असे त्याचे भाग. अंगास एरंडेल चोळतात, म्हणजे कातडें सोलवटत नाहीं. ह्या विद्येंत नवशिक्यास आरंभींच 'अढी' शिकवितात. हातांनीं खांब कवटाळून पाय वर घ्यावयाचे, ते खांबास आवळावयाचे, आणि डोकें खालीं करून लटकावयाचें. उलटें जग कसें दिसतें, हें विद्यार्थ्यास उडीच्या कितीतरी आधीं परिचयाचें होतें. भीतीचा अर्धा भाग अपरिचयाचा असतो. तो अढीनें जातो.

हवेंत काय घडतें

आतां थोडा पदार्थविज्ञानाचा विचार करूं. पाय जमिनीवरून सुटले कीं शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेला. हवेंत हातपाय कितीही झाडले तरी तो बदलत नाहीं. गिरकीची जी शक्ति सुटतांना मिळाली, तिच्यांतही हवेंत भर घालतां येत नाहीं. उडणाऱ्याच्या हातीं एकच गोष्ट उरते : अंग आंखडणें किंवा उलगडणें. गुडघे छातीशीं घेतले कीं गिरकी ताठ अंगापेक्षां दुपटी-तिपटीनें जलद होते. अंग उलगडलें कीं ती मंदावते.

ह्यास वेळ तरी किती? जमिनीवरून ४५ सेंटिमीटर उंच उडणारा मुलगा हवेंत सुमारें ०.६ सेकंद राहतो. तेवढ्यांत विचार करावयास अवकाश नाहीं. जें करावयाचें तें शरीरास आधींच पाठ असावें लागतें. मल्लखांबाच्या बोंडावरून, म्हणजे सुमारें अडीच मीटरांवरून, उतरणाऱ्याचा वेग जमिनीशीं तासास २५ किलोमीटर इतका होतो. हा वेग गुडघे, घोटे व कंबर वांकवून अर्ध्या मीटरांत जिरविला, तर पायांवर सरासरी वजनाच्या सहा पट भार येतो. पाय ताठ ठेवून तो दहा सेंटिमीटरांतच अडविला, तर तोच भार सव्वीस पट होतो. उतरणें ही स्वतंत्र विद्या कां, ह्याचें उत्तर ह्या दोन आंकड्यांत आहे.

आतां डोळ्यांची गोष्ट. पुष्कळांस वाटतें कीं, उलटी उडी सर्वथा आंधळी. तसें नाहीं. सुटतांना मागचें कांहीं दिसत नाहीं, हें खरें. परंतु अर्ध्याहून अधिक गिरकी झाली कीं जमीन डोळ्यांसमोर येते, आणि पाय टेकण्यापूर्वीं ती पाहून अंग सांवरतां येतें. सुलट्या कोलांटउडींत नेमकें उलट आहे. तेथें आरंभ डोळस, पण शेवटीं जमीन नजरेआड असते. त्रिपुरेच्या दीपा कर्माकर ह्यांनीं २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें जी 'प्रोदुनोव्हा' उडी घेतली, ती ह्याच सुलट्या जातीची, दुहेरी कोलांटीची आणि म्हणूनच अति बिकट. त्यांचें कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनीं हुकलें. सारांश, उलट्या उडींत भय आरंभीं आहे आणि सोय शेवटीं आहे. आरंभींच्या भयानें जो डोकें मागें फेकतो, तो शेवटच्या सोयीपर्यंत पोहोंचतच नाहीं. कारण डोक्यामागून छाती जाते, आणि वर जावयाची शक्ति मागें व खालीं वाया जाते.

अभ्यासाचा क्रम

विद्यार्थी मित्रहो, पुढील पायऱ्या गुरूच्या देखरेखीखालीं चढावयाच्या आहेत. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवूं नये.

पहिली पायरी : मागील कोलांटी. गादीवर बसून, हनुवटी छातीशीं टेकवून, पाठ धनुष्यासारखी गोल करून मागें लोळावें. दोन्ही तळहात कानांजवळ टेकून मानेवरचा भार उचलून घ्यावा. चुकून पडलोंच तर गोल होऊन पडावें, ही संवय येथें लागते.

दुसरी पायरी : पाठमोरें उतरणें. गुडघाभर उंचीच्या चौथऱ्यावर पाठमोरें उभें राहून मागें हलकेंच उडी घ्यावी व दोन्ही पायांवर एकदम उतरावें. प्रथम पायांचे चवडे, मग टांचा, मग गुडघ्यांचा वांक, असा क्रम ठेवावा. नजर समोर असावी. पाय टेकण्याआधींच मागें वळून पाहिल्यास खांदे वळतात, त्यांमागून कंबर वळते आणि तोल जातो. ही पायरी दिसावयास क्षुद्र आहे, पण तिच्यावर पंधरा दिवस घालविले तरी ते वाया जाणार नाहींत.

तिसरी पायरी : मल्लखांबावरून सुटणें. खांबावर थोडेंच चढून, तळपायांनीं खांब लोटून मागें सुटावें आणि खांबाकडे तोंड ठेवून उतरावें. येथें सुटणें व उतरणें दोन्ही पाठमोरीं आहेत, पण डोकें वरच आहे. जमिनीचें अंतर डोळ्यांवांचून ओळखण्यास शरीर येथें शिकतें.

चौथी पायरी : सरळ उंच उडी. दोन्ही हात खालून वर झपाट्यानें न्यावेत, डोळे समोरच्या एका खुणेवर खिळवावेत आणि सरळ वर उडावें. 'मागें' हा विचारच मनांत आणूं नये. उलटी उडी मागें घ्यावयाची नसून वर घ्यावयाची असते. गिरकी ही वर गेल्यानंतरची गोष्ट आहे.

पांचवी पायरी : आधारानें पूर्ण उडी. शिकविणाऱ्याचा एक हात कमरेमागें व दुसरा मांडीखालीं असावा. वर जावें, गुडघे छातीशीं घ्यावेत, जमीन दिसली कीं अंग उलगडावें आणि दुसऱ्या पायरीप्रमाणें उतरावें. हा आधार कधीं काढावा, हें शिष्यानें ठरवूं नये. हात लागला कीं नाहीं हें शिष्यास कळेनासें होतें, तेव्हां गुरु स्वतःच तो काढतो. बोंडावरून घ्यावयाची उलटी उडी ही ह्यापुढची, आणि वर्षांच्या अभ्यासाची गोष्ट आहे.

परदेशांतील साक्ष

हाच नियम जगांतील मोठमोठ्या खेळाडूंसही चुकलेला नाहीं. उंच उडींत पाठ खालीं करून, डोकें आधीं नेऊन आडव्या दांड्यावरून जाण्याची रीत अमेरिकेच्या डिक फॉस्बरी ह्यानें प्रसिद्ध केली. १९६८ सालीं मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्यें तो २.२४ मीटर उडाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. ही रीत रुळली, ती वाळूच्या व भुशाच्या खड्ड्यांऐवजीं जाड मऊ गाद्या आल्यानंतर. पाठीवर उतरण्याची सोय झाली, तेव्हांच पाठीवर उडणें शक्य झालें.

बर्फाच्या देशांत पायांस लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरण्याचा 'स्की' नांवाचा खेळ आहे. मे महिन्यांत अंगाची लाही होत असतां त्याची कल्पना करणें आपणांस कठीण, पण त्यांतील एक प्रकार आपल्या विषयास अगदीं जवळचा आहे. खेळाडू उंचवट्याकडे पाठमोराच घसरत येतो, पाठमोराच हवेंत सुटतो, गिरक्या घेतो आणि पुन्हा पाठमोराच उतारावर उतरून तसाच घसरत जातो. पूर्वीं पट्ट्यांचें पुढचेंच टोंक वर वळलेलें असे. १९९८ च्या सुमारास दोन्ही टोंकें वळलेल्या पट्ट्या प्रचारांत आल्या व ही कला झपाट्यानें वाढली. २०१४ सालीं सोची येथें अशा उड्यांच्या स्पर्धेस हिवाळी ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें. हे खेळाडू काय करतात? प्रथम सौम्य उतारावर नुसतें पाठमोरें घसरतात. मग लहानशा उंचवट्यावरून पाठमोरे उतरतात. मग हवेनें फुगविलेल्या मोठ्या गादीवर गिरकीचा अभ्यास करतात. कांहीं ठिकाणीं उन्हाळ्यांत तलावांत उड्या घेण्याचीही सोय असते. आपल्या विहिरीची आठवण यावी अशीच ही रीत; भेद इतकाच कीं, तेथें पाण्याची खोली मोजलेली असते आणि काठावर जाणता माणूस उभा असतो.

आणखी एक उदाहरण. अमेरिकेची सिमोन बाइल्स ही ह्या युगांतील श्रेष्ठ कसरतपटु. २०२१ सालीं टोकियो येथें ऐन स्पर्धेंत तिला हवेंत आपण कोठें आहों ह्याचें भान राहीनासें झालें. तिनें बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली. कित्येकांनीं तिला नांवें ठेविलीं. पण उतरण्याची खात्री नसतां उडूं नये, हें तिला ठाऊक होतें. २०२४ सालीं पॅरिसमध्यें तिनें पुन्हा तीन सुवर्णपदकें मिळविलीं. त्या वेळची माघार हा भित्रेपणा नव्हता, हें त्यावरून सिद्ध झालें.

शेवटची विनंती

मानेच्या मणक्यांतून जाणारा मज्जारज्जु एकदां तुटला तर पुन्हा जुळत नाहीं. हातपाय जन्माचे लुळे पडतात. म्हणून तीन गोष्टी पाळाव्यात. एकट्यानें उलटी उडी शिकूं नये. ज्या पाण्याचा तळ ठाऊक नाहीं, त्यांत डोकें खालीं करून किंवा पाठमोरें उडूं नये; गेल्या वर्षींची खोल विहीर यंदा गाळानें उथळ झालेली असूं शकते. आणि कोणी मानेवर पडलाच, तर त्यास ओढून उठवूं नये, मान हलूं देऊं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याच्याशीं धीरानें बोलत राहावें.

हें सारें वाचून कोणी उडी टाकून दिली, तर लेखकाचा हेतु फसला असें होईल. उडी अवश्य शिका. जमीन पायांखालून सुटावी, जग उलटें व्हावें आणि क्षणार्धांत तेंच पुन्हा सुलटें होऊन पायांखालीं यावें, ह्या आनंदास तोड नाहीं. मात्र आखाड्यांत जाल तेव्हां पहिल्या दिवशीं 'मला उडी शिकवा' असें म्हणूं नका. 'मला उतरावयास शिकवा' असें म्हणा. जाणता गुरु त्या एका वाक्यावरून तुमची पारख करील.