लोडरचा कंट्रोल वाल्व बदलण्यापूर्वी



आपल्या गटांत आता पंधरा-वीस हॉर्सपॉवरचे छोटे ट्रॅक्टर बरेच दिसतात. आंतरमशागतीसाठी घेतलेल्या ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवायचा आणि प्रेसमड, शेणखत, गाळाची माती त्यानेच भरायची. मजूर मिळेनासे झाल्यावर ही सोय चांगलीच आहे. पण लोडर सुस्तावला की पहिला शब्द ऐकू येतो तो "वाल्व गेला". मग वाल्व खोलायचा, पिशवीत घालायचा, कात्रजचा घाट उतरून पुणे गाठायचे आणि तसाच दिसणारा नवा घेऊन यायचे. नवा वाल्व बसतो, लोडर उचलतोही, पण मागची लिफ्ट मात्र जागची हलत नाही! ऐन लागणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दारात उभा राहतो. म्हणून हा विषय थोडा सविस्तर घेतला आहे.

आधी वाल्व खरोखर गेला आहे का, ते पाहा. लोडर आणि मागची लिफ्ट दोन्ही सुस्त असतील तर वाल्वला हात लावू नका. तेलाची पातळी, तुंबलेली जाळी आणि पंप यांच्याकडे आधी बघा. दोन लिव्हरपैकी एकच सुस्त असेल तर दोष त्या लिव्हरच्या स्पूलमध्ये किंवा तिच्या जॅकमध्ये असतो. तेल लिव्हरच्या टोकाशी झिरपत असेल तर बहुधा सील बदलून भागते, अख्खा वाल्व घ्यावा लागत नाही.

भरलेली बकेट वर धरली की हात हळूहळू खाली येतात, अशी तक्रार नेहमीची. यात लोक सरसकट जॅकच्या सीलला दोष देतात. पण दोन्ही बाजूंचे तेल वाल्वने पक्के अडवले असेल, तर केवळ आतले सील फाटल्याने जॅक पार खाली बसू शकत नाही. दांडा आत यायचा तर त्याच्या जाडीएवढे तेल कुठेतरी बाहेर जायला हवे. बाहेर कुठे गळत नसेल तर ते वाल्वमधूनच जाते. मात्र फाटलेल्या सीलमुळे वाल्ववरचा दाब वाढतो आणि उतरण्याचा वेग वाढतो, त्यामुळे जॅकही तपासून घ्यावा. आणि स्पूलला केसाहूनही बारीक फट असतेच. तासाभरात थोडे उतरले तर तो दोष मानू नका. लिव्हर उचलण्याकडे ओढताच हात आधी वीतभर खाली येऊन मग वर जात असतील, तर वाल्वमधला चेक बिघडला किंवा त्यात कचरा अडकला असे समजावे.

आता मुख्य मुद्दा तेलाच्या वाटेचा. आपल्या भागाला कात्रजचा नळ ठाऊक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने पुण्यातल्या हौदांपर्यंत नेले. पाणी वाहते राहायचे, एका हौदावरून पुढच्याकडे जायचे. छोट्या ट्रॅक्टरमध्ये तेलाचे बहुधा असेच असते. पंपाचे तेल आधी लोडरच्या वाल्वमध्ये येते, लिव्हर मध्यावर असली की न अडता पुढे मागच्या लिफ्टकडे जाते आणि शेवटी टाकीत पडते. त्यासाठी वाल्वला तीन तोंडे लागतात : पंपाकडून आत येणारे, पुढे लिफ्टकडे दाबाने जाणारे आणि टाकीकडे परतणारे. पुढे नेणाऱ्या तोंडाला दुकानदार 'पॉवर बियाँड' म्हणतात. काही वाल्वांत त्यासाठी वेगळी स्लीव्ह घालावी लागते. ती नसताना टाकीच्या तोंडालाच लिफ्टचा पाईप जोडला, तर जी बाजू दाबासाठी बनवलेलीच नाही तिच्यावर लिफ्टचा पूर्ण दाब येतो. सील उडतात, कधी ओतीव अंगाला तडाही जातो. उलट स्लीव्ह घातली आणि टाकीचा पाईप जोडला नाही, तर परत येणारे तेल आतच कोंडते. दुकानात जाताना जुना वाल्व आणि ट्रॅक्टरची पुस्तिका दोन्ही न्या. पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, दाब किती, तोंडांचे आटे कोणते आणि हातांच्या लिव्हरला 'फ्लोट' आहे की नाही, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. सपाटीकरण करणाऱ्याला फ्लोट नसलेला वाल्व निरुपयोगी.

काढताना बकेट जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा आणि सगळ्या लिव्हर दोन्हीकडे चार-पाच वेळा हलवून दाब उतरवा. वर उचललेल्या हातांखाली शिरून नट सैल करणारे पाहिले की अंगावर काटा येतो. गळती हाताने चाचपू नका. दाबाखालचे तेल सुईसारखे कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण त्यात बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरे.

प्रत्येक पाईपला चिकटपट्टी लावून खूण करा, निघालेले तोंड लगेच बुचाने बंद करा. पाचटाची धूळ आत गेली तर नवा वाल्वही लवकर खराब होतो. काम गोठ्याशेजारी नको, वाऱ्याआड करा. ओ-रिंगच्या जोडांना टेफलॉनची पट्टी गुंडाळू नका, तिचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात. वाल्वचे बोल्टही ताकद लावून आवळायचे नाहीत. खालची पट्टी वाकडी असली तर वाल्वचे अंग पिळते आणि स्पूल जाम होतो. पट्टी सपाट करा, मग बोल्ट सारखे आवळा.

तेल भरून इंजिन मंद चालवा, बकेट रिकामी ठेवून प्रत्येक लिव्हर सावकाश पुरती दोन्हीकडे न्या. आतली हवा निघेपर्यंत हात धक्के खातील. मग बकेट टेकवून पातळी पुन्हा पाहा आणि मागची लिफ्ट उचलून बघा. तेल लवकर तापू लागले किंवा लिव्हर मध्यावर असताना पंप कण्हत असेल तर तिथेच थांबा. तेलाची वाट कुठेतरी अडली आहे किंवा मध्यावर बंद राहणारा वाल्व गळ्यात मारला गेला आहे. रिलीफचा स्क्रू आवळून जोर वाढवण्याचा मोह होतो. दाबमापक लावल्याशिवाय आणि पुस्तिकेतला आकडा पाहिल्याशिवाय त्याला पाना लावू नये. दहा तास काम झाल्यावर सगळे जोड पुसून एकदा पाहा, जिथे ओल दिसेल तो जोड दाब उतरवून मगच आवळा.