पर्सा सांभाळत बसू नकोस

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, सेगवेवर हे आणि मुलं फिरतील, मी बाकावर बसेन." रात्रभर तेच घोळत राहिलं मनात. पहिल्यांदा व्हिएन्नाला गेले तेव्हा मीही अशीच बसले होते, सगळ्यांच्या पर्सा न् जॅकेटं मांडीवर घेऊन. मंडळी परतली ती हॉफबुर्ग राजवाडा, ऑपेरा, संसद यांच्या गोष्टी सांगत. मला सांगायला काहीच नव्हतं.

तुझी भीती कळते गं. सेगवेवर उभं राहायचं आणि खाली दोनच चाकं, तीही शेजारी शेजारी. पण आतले जायरोस्कोप सेकंदाला शंभरदा तुझा तोल बघतात. पुढे झुकलीस की चाकं पुढे जाऊन तुला सावरतात, मागे रेललीस की थांबतात. गुडघे सैल ठेव, बास. वेग फार झाला की हँडल आपोआप छातीकडे येतं. तेव्हा ते पुढे रेटू नकोस, मागे हो.

धडपड होते ती उतरताना. हँडल घट्ट धरून एकेक पाय मागे टाक. दुसऱ्या खेपेला मी घाईने हँडल सोडलं आणि ते धूड पोटरीवर आलं. आठवडाभर काळंनिळं होतं.

आणि सेगवेसाठी प्रागचा हट्ट असेल तर तो सोड. तिथे जुन्या शहरात २०१६ साली सेगवेवर बंदी आली. व्हिएन्नाच बरं. जुना तट पाडून १८६५ साली खुला केलेला रिंगस्ट्रास हा रस्ता रुंद आणि सपाट आहे. फक्त ट्रामचे रूळ आडवेच ओलांड, तिरपी जाऊ नकोस. वजनाची अट साधारण ४५ ते ११८ किलो असते, कारण फार हलक्या माणसाच्या झुकण्याने ते नीट थांबत नाही. तुझी धाकटी आता पन्नास किलोपुढे असेल, म्हणजे तिचीही अडचण नाही.

ओढणी नको, सपाट बूट घाल. दोन तास उभं राहायचं, तेव्हा उद्यापासून तेलीबांधा तलावाला सकाळी फेऱ्या मारायला लाग. आणि भीती कसली? बारावीत तात्यापाऱ्याच्या गल्लीतून मला मागे बसवून बाबांची लुना पळवणारी तूच ना?

तुझे 'हे' आज बुकिंग करणार आहेत म्हणालीस. चार तिकिटं सांग त्यांना, तीन नाही.