अंगावरचं दूध आणि हातावरचं मलम

बाळ तान्हं असताना नाशिकच्या कोरड्या थंडीत माझ्या हातांना इसब झाला. त्या दिवसांतून मला समजलं ते असं :

१. मलमासाठी दूध तोडू नका. ‘औषध चालू आहे ना, मग अंगावर पाजू नकोस,’ असं इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटलेल्या काकूंनी मायेनंच सांगितलं होतं. पण कातडीवर लावलेल्या बहुतेक औषधांचा फार थोडा अंश रक्तात उतरतो आणि दुधात त्याहूनही कमी. बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल, सौम्य हायड्रोकॉर्टिझोन, खरजेवरचं परमेथ्रिन डॉक्टरांच्या सल्ल्यानं पाजत्या आईला वापरता येतं.

२. आधी जागा पाहा. पोटरीवरचं मलम वेगळं आणि बाळाच्या तोंडात जाणाऱ्या स्तनाग्रावरचं वेगळं. तिथं तीव्र स्टेरॉइड लावणाऱ्या एका आईच्या बाळाचा रक्तदाब वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. डॉक्टरांनी तिथंच लावायला दिलं, तर पाजून झाल्यावर पातळ थर लावावा आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी ओल्या मऊ कापडानं पुसावा. स्तनाग्राला भेगा मात्र बहुधा बाळाची पकड नीट नसल्यानं पडतात. ती कुणा जाणत्या नर्सकडून सुधारून घ्यावी, नाहीतर मलम लावत राहाल आणि भेगा पडतच राहतील.

३. बाळ आईची बोटं चोखतं, तिच्या दंडावर गाल टेकून झोपतं, तेव्हा तिथलं मलम त्यालाही लागतं. त्याच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून औषध त्याला लवकर बाधू शकतं. मी रात्री पाजून झाल्यावर मलम लावून सुती हातमोजे घालायचे आणि बाळाला घेण्याआधी हात धुवायचे.

४. मेडिकलवाल्यालाच विचारून ट्यूब आणू नका. गजकर्णावर सर्रास मिळणाऱ्या मिश्र मलमांत बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आतून पसरते. आईचं गजकर्ण बाळालाही लागतं. केंद्र सरकारनं 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी स्टेरॉइड मलमं काउंटरवर सहज मिळतात याचा मला राग येतो.

५. त्वचेच्या डॉक्टरांना ‘मी अंगावर पाजते’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. बाळ किती महिन्यांचं आहे, दिवस पूर्ण होण्याआधी झालं का, तेही सांगा. चेहऱ्याच्या वांगावरचं हायड्रोक्विनोन कातडीतून बरंच शोषलं जातं. ते दूध सुटल्यावर लावलं तरी चालतं.