माजी सैनिकांची मुले आणि शिक्षणाचे साह्य

मावळ म्हटले की सैनिकी परंपरेचा उल्लेख ओघानेच येतो. लोणावळ्यास १९४५ पासून नौदलाचे 'शिवाजी' हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. पुण्याच्या वाटेवर देहूरोडची छावणी आहे. परंतु गणवेश उतरवून गावी परतलेल्या जवानाच्या मुलांना शिक्षणासाठी शासनाचे कोणते साह्य मिळते, याची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात विचार केला आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. युद्धात कामी आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा अपंगत्व आलेल्या सैनिकांची मुले हा एक वर्ग. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्या सैनिकांची मुले हा दुसरा. पहिल्या वर्गासाठी केंद्र सरकारने १९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये, शिक्षणशुल्क पूर्णपणे परत देण्याची योजना आणली. जुलै २०१७ मध्ये तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली; मार्च २०१८ मध्ये ती उठवली गेली.

दुसऱ्या वर्गालाही खुली असलेली मोठी योजना म्हणजे २००६-०७ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान शिष्यवृत्ती. वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींसाठी. मुलास दरमहा २,५०० व मुलीस ३,००० रुपये. अट किमान ६० टक्के गुणांची. मात्र ती तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरतीच आहे. साधी बी.ए. करणारा विद्यार्थी तीत बसत नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या भागांतील ज्या घरात कॉलेजचे तोंड प्रथमच कोणी पाहते, तेथे परवडणारी वाट बहुधा कला शाखेचीच असते. बी.एड. ला ही शिष्यवृत्ती मिळते. पण कला शाखेच्या मुलाला तिथवर पोचायचे तर आधी बी.ए. ची तीन-चार वर्षे काढावी लागतात. जिन्याच्या वरच्या पायरीला कठडा आहे, खालच्या पायऱ्यांना नाही.

बी.ए. च्या विद्यार्थ्याला आधार उरतो तो संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीचा. हवालदार व तत्सम हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत हे अनुदान मिळते. दरमहा १,००० रुपयांची रक्कम १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी २,००० करण्यात आली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. तथापि ते वर्ष उत्तीर्ण झाल्यावर मिळते, एस.टी. चा पास आणि पुस्तके मात्र वर्षाच्या आरंभीच घ्यावी लागतात. राज्य शासनाची फी-सवलतही आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर करता येतो. चौकशीचे ठिकाण म्हणजे पुण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. वडिलांच्या डिस्चार्ज बुकात मुलाचे नाव नोंदलेले आहे की नाही, हे घरी आधीच पाहून ठेवावे; त्यावाचून पुढचे काम अडते.

दरवर्षी ७ डिसेंबरला आपण ध्वजदिनाचे छोटे निशाण छातीला लावतो आणि डब्यात नाणे टाकतो. १९४९ पासून चालत आलेल्या त्याच निधीतून हे अनुदान दिले जाते. तेव्हा पदवीची सर्व वर्षे, कोणत्याही शाखेची असोत, प्रवेशाच्या वेळीच साह्यास पात्र धरावीत, अशी मागणी करणे अवाजवी ठरू नये. तोवर निदान महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर या योजनांची माहिती जूनमध्येच लागावी, एवढे तर आपल्या हाती आहे.